कवितेखाली प्रश्न नकोत

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं आणि वाचनाला एक माप लावलं. दुसरीतल्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीतल्यानं किमान ६०, तेही अर्थ समजून. माप वाईट नाही. चौथी पास झालेल्या पोराला बसवरची पाटी वाचता येत नसेल तर ती लाजेची गोष्ट आहे, आणि ती कुणीतरी मोजायला घेतली हे बरंच झालं. पण मापाला एक खोड असते. जे त्यात बसत नाही ते हळूहळू वर्गाबाहेर जातं. कविता बसत नाही, कारण ती भराभर वाचायची नसतेच. मग एक तर बाई ती चालीवर म्हणवून घेतात आणि पुढच्या धड्याला लागतात, नाहीतर तिचा उतारा करतात: खाली पाच प्रश्न, दोन रिकाम्या जागा आणि जोड्या लावा.

म्हणून माझी सूचना अशी: गोव्यातल्या पहिली ते चौथीच्या मराठी वर्गांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात दर महिन्याला सरकारतर्फे एक छोटं मासिक पडावं. फुकट. ते त्यानं घरी न्यावं, धाकट्या भावंडाला फाडू द्यावं, नंतर त्याची होडी केली तरी चालेल. त्यात खऱ्या कवींनी लिहिलेल्या कविता असाव्यात आणि त्या कवितांखाली एकही प्रश्न नसावा. मासिकाला फारसा कुणी विरोध करणार नाही. पैसे नाहीत म्हणतील, फाईल पडून राहील, एवढंच. खरा वाद प्रश्न काढून टाकण्यावर होईल, म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

एवढ्या लहान मुलांना खरी कविता झेपणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गणेश चवथीच्या संध्याकाळी कुठल्याही घरात माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली, उभं राहावं. घरात कोंकणी बोलतात, आरती मात्र मराठी. सहा वर्षांचं पोर टाळ बडवत ‘रत्नखचित फरा’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत जातं. मधेच संस्कृत येतं, तेही ते न अडखळता ओलांडतं. ‘फरा’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं, त्याच्या बापालाही बहुधा नसतं. त्यावाचून कुणाचं अडत नाही. श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह बसतो, चोवीस तास भजनात खंड पडत नाही, आणि बापाच्या खांद्यावर पेंगुळलेली मुलं तुकोबांचे अभंग कानात साठवत असतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत जत्रांतून मराठी नाटकं होतात. पुढच्या रांगेत चटईवर बसलेल्या पोरांना दुसऱ्या अंकात झोप लागते, पण तोवर त्यांनी दोन-चार नाट्यपदं ऐकलेली असतात. म्हणजे मराठी कवितेच्या बाबतीत गोव्यातलं मूल कोऱ्या पाटीनं शाळेत येत नाही. ओवी, अभंग, आर्या यांचा ठेका त्याच्या कानात असतो, फक्त त्याचं नाव त्याला माहीत नसतं.

आणि सकाळी शाळेत त्याच्यापुढे काय येतं? झाडे लावा, पाणी वाचवा, हात धुवा, रस्ता बघून ओलांडा. हे सगळं त्यानं करावं, जरूर करावं. पण यमक जुळवलं म्हणून परिपत्रकाची कविता होत नाही. बालकविता म्हणून जे छापलं जातं त्यातलं पुष्कळसं असंच यमक जुळवलेलं परिपत्रक असतं. चिमणी असते, पण तिला पाणी ठेवायचं असतं. आंब्याचं झाड असतं, पण ते प्राणवायू देतं. आजी गोष्ट सांगते आणि गोष्टीचं तात्पर्य लगेच पुढच्या कडव्यात असतं. मुलं भाबडी असतात हा मोठ्यांचा गैरसमज आहे. तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला काहीतरी सांगायचं ठरलेलं आहे, आणि ती शांतपणे खिडकीबाहेर बघू लागतात.

यात सौंदर्यदृष्टीपेक्षा साधा व्यवहार अधिक आहे. वाचायला शिकणं म्हणजे पुष्कळ अंशी तेच ते पुन्हा वाचणं. जोडाक्षर पहिल्यांदा अडतं, तिसऱ्यांदा कमी अडतं, सातव्यांदा डोळा त्यावर थांबतही नाही. मग सातव्यांदा वाचावंसं वाटेल असं काही मुलाच्या हातात हवं. ‘पाणी वाचवा’ एकदा कळलं की संपतं. परत त्या पानाकडे जायला कारण उरत नाही. नाद असलेली, थोडी न कळणारी, हसवणारी, किंचित भीतीही घालणारी कविता मूल आपणहून दहादा वाचतं. शिवाय पुढच्या ओळीच्या टोकाला काय येणार याचा अंदाज यमक त्याला आधीच देतं. मूल अंदाजानं शब्द उच्चारतं, मग अक्षरांकडे बघतं, आणि दोन्ही जुळले की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी शिक्षकी पेशात यावं. मिनिटाला साठ शब्दांचं माप गाठायचं असेल तरी हा रस्ता जवळचा आहे.

रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की लहानपणी वाचलेली ‘जल पडे, पाता नडे’ ही त्यांच्या आयुष्यातली पहिली कविता. पाणी पडतं, पान हलतं. अक्षरओळखीच्या पुस्तकातलं हे वाक्य कविता म्हणून लिहिलेलंही नव्हतं, पण कानाला यमक लागलं आणि त्या मुलाच्या डोक्यात दिवसभर पाणी पडत राहिलं, पान हलत राहिलं. पुढे १९३० मध्ये त्यांनी स्वतः मुलांसाठी ‘सहज पाठ’ रचलं तेव्हा चित्रांसाठी नंदलाल बोस होते. देशातला सर्वांत मोठा कवी आणि त्या काळातला एक मोठा चित्रकार पहिलीच्या पुस्तकावर काम करतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे पहिलीचं पान अजूनही ज्याला दुसरं काही काम नाही त्याच्याकडे जातं.

मराठीत सुरुवात अशी नव्हती. परशुरामतात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ १८५४ मध्ये आलं आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांच्या शाळकरी मुलांच्या तोंडी वामनपंडित, मुक्तेश्वर, मोरोपंत बसले. कठीण होतं, मान्य. मोरोपंतांच्या आर्येत कर्ता शोधताना मोठ्यांचीही दमछाक होते. पण मुलांना दिलं ते अस्सल दिलं. १८६१ मध्ये शिक्षणखात्याचं ‘मराठी शालापत्रक’ निघालं. पुढे चिपळूणकर पितापुत्रांनी ते चालवलं, आणि विष्णुशास्त्र्यांचे कालिदास, भवभूती, बाण यांच्यावरचे निबंध त्यातच छापले गेले. १८७२ पासून मिशनचा ‘बालबोधमेवा’ होता. त्यात चित्रं होती, माहिती होती, आणि तात्पर्यही भरपूर होतं. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ काढलं. मासिकाचं नाव ‘आनंद’ ठेवणं ही त्या काळात एक भूमिकाच होती: मुलांनी वाचायचं ते सुधारण्यासाठी नव्हे, मजेसाठी. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत, आणि अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’नं तर क्रमिक पुस्तकातच हसू आणलं. ज्यांची पुस्तकं मोठी माणसं पैसे देऊन वाचत तेच लेखक मुलांच्या पानावरही दिसत. ती रीत कधी आणि कशी मोडली हा वेगळा विषय आहे. माझा अंदाज असा की मुलांसाठी लिहिणारे लेखक असं वेगळं दालन तयार झालं तेव्हा.

याच सुमारास समुद्रापलीकडे शाळांच्या वाचनमासिकांचा एक मोठा प्रयोग चालू होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८८९ मध्ये, व्हिक्टोरियात १८९६ मध्ये, न्यू साउथ वेल्समध्ये १९१६ मध्ये तिथल्या शिक्षणखात्यांनी मुलांसाठी मासिकं सुरू केली. हेतू साधा होता: वर्षभर एकच क्रमिक पुस्तक उगाळणाऱ्या मुलांना दर महिन्याला ताजं वाचायला मिळावं. न्यूझीलंडचं ‘स्कूल जर्नल’ १९०७ मध्ये निघालं, सरकारी शाळांतल्या मुलांना फुकट. पहिली काही दशकं त्यात इंग्लंड आणि साम्राज्य ठासून भरलेलं असे. तिथे ऋतू उलटे, डिसेंबरात भर उन्हाळा, आणि मुलं वाचणार विलायती कवींचे हिवाळे. साहित्य चांगलंच होतं, पण मुलाच्या खिडकीतून दिसणारं काही त्यात नव्हतं. १९३९ मध्ये शालेय प्रकाशनांसाठी स्वतंत्र शाखा झाल्यावर ते बदलत गेलं. जेम्स के. बॅक्स्टरसारखा त्या देशातला अव्वल कवी पन्नाशीच्या दशकात त्या शाखेत संपादक म्हणून नोकरी करत होता. मार्गारेट माही ही ग्रंथपाल बाई १९६१ पासून त्यात लिहू लागली. १९६५ मध्ये त्यातच छापून आलेली तिची सिंहाची गोष्ट १९६९ मध्ये पुस्तक होऊन जगभर गेली, आणि २००६ मध्ये बालसाहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा अँडरसन पुरस्कार तिला मिळाला. वर्गात वाटायच्या सरकारी मासिकातून एवढं उगवू शकतं. मात्र आधी दोन गोष्टी कराव्या लागल्या: कवीला पगार द्यावा लागला आणि मुलाच्या अंगणाला पानावर जागा द्यावी लागली.

या दुसऱ्या गोष्टीवर गोव्यानं जरा थांबायला हवं, कारण न्यूझीलंडच्या मुलांसारखीच आपली अवस्था पुष्कळ काळ होती. पोर्तुगीज अमलात सरकारी शाळा पोर्तुगीज. मराठी शिकायची ती गावातल्या खासगी शाळेत, देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या पडवीत, आणि पुस्तकं यायची मुंबई इलाख्यातून. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या हे फार मोठं काम. त्या शाळांत मुलं भराभर आली, पण वाचायला मिळालं ते घाटावरचंच: मोट, ऊस, पोळ्याचे बैल. मोटेबद्दल माझी तक्रार नाही. न पाहिलेल्या गोष्टी वाचणं हे तर वाचनाचं अर्धं सुख आहे. पण उरलेलं अर्धं सुख आपलं जग छापलेलं दिसण्यात असतं. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली, मानस (बांधाचं दार) उघडली की पाणी कसं धावतं, पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू आधी ऐकू येतो की कुत्रं आधी भुंकतं, फेरीबोटीचा पाट खाली पडतो तेव्हा पोटात काय होतं, आंबाड्याची आंबट जीभ, काजूचा डाग न जाणारा सदरा, माशेलच्या चिखलकाल्यात कोण कोणाला ओळखत नाही ती मजा. हे विषय मी मोजून दिलेले नाहीत, बसल्या बसल्या सुचले तसे लिहिले. प्रत्येकात एक कविता आहे, आणि एकीलाही तात्पर्य लागत नाही. बोरकरांची ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ इथल्या मुलांना पाठ असते ती याच भुकेपोटी. बोरकर स्वतः शिक्षक होते हेही विसरू नये.

आता दुखरी जागा. मासिक मराठी, पण मुलाची घरची भाषा बहुतेक वेळा कोंकणी. माझ्या मते प्रत्येक अंकात एक पान कोंकणी कवितेचं असावं, तिथे मराठी अनुवाद देऊ नये आणि शब्दार्थही देऊ नयेत. दोन्हीकडचे लोक रागावतील. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून झालेली भांडणं ज्यांनी अंगावर घेतली त्यांना यात डाव दिसेल. मराठीवाल्यांना वाटेल घुसखोरी, कोंकणीवाल्यांना वाटेल मेहेरबानी. पण सात वर्षांच्या मुलाला त्या भांडणाचा वारसा द्यायचं काहीच कारण नाही. लिपी एकच. जी अक्षरं ते मराठीसाठी शिकतं त्याच अक्षरांत आजीचं बोलणं छापलेलं दिसलं तर वाचन ही शाळेपुरती गोष्ट राहत नाही. बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं आणि कुठल्याही भाषेचं त्यात नुकसान झालं नाही. आणि आज वास्को, मडगाव, म्हापशाच्या सरकारी मराठी शाळांत कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही बसतात हे धरून चालायला हवं. त्यांच्या घरी ना मराठी आरती, ना कोंकणी ओवी. वर सांगितलेली कानाची शिदोरी त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांना ठेक्याची गरज जास्त. नवी भाषा व्याकरणातून शिरण्याआधी तालातून शिरते, हे मैदानावर खेळताना पोरं एकमेकांना शिकवतातच.

शिक्षक म्हणतील, प्रश्न नसतील तर मुलाला कविता कळली की नाही हे कसं समजणार? समजणार नाही. निदान लगेच नाही. कवितेखालचा पहिला प्रश्न साधारण ‘कवीला काय आवडते?’ असा असतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्या ओळीत तयार असतं. मूल ते उचलून लिहितं, बाई बरोबरची खूण करतात, आणि दोघांनाही कविता वाचावी लागत नाही. आकलन तपासायला धडे आहेत, उतारे आहेत, गणितातली शाब्दिक उदाहरणं आहेत. शाळेच्या आठवड्यात एक पान न तपासलेलं राहिलं तर शिक्षणव्यवस्था कोसळत नाही.

आपल्याकडे कविता मारण्याचा आणखी एक मार्ग आहे, तोही सांगतो: स्पर्धा. कवितागायन, समूहगीत, हावभावयुक्त काव्यवाचन. पाठांतराला माझा विरोध नाही, पाठांतरावरच तर वर सगळं मांडलं. विरोध हातवाऱ्यांना आहे. पाऊस म्हटलं की दहा बोटं वरून खाली, फूल म्हटलं की ओंजळ गालाखाली, आई म्हटलं की हात छातीवर. पुढे बसलेले परीक्षक डोलतात, पालक मोबाईलवर टिपतात. त्या मुलीला पाऊस शब्दातच ऐकू यायला हवा होता. बोटांनी दाखवला की शब्दाला करायला काही उरत नाही.

‘किशोर’ आहे ना, असंही विचारलं जाईल. आहे, आणि मोठी गोष्ट आहे. बालभारतीनं १४ नोव्हेंबर १९७१ पासून चालवलेलं हे मासिक मराठीतल्या नामवंतांनी लिहिलं, उत्तम चित्रकारांनी सजवलं, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. गोव्यातल्या प्रत्येक मराठी शिक्षकानं ते उघडून बघावेत. पण ‘किशोर’ नावाप्रमाणेच थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. पहिली-दुसरीतल्या, अजून बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाला त्याचं पान दाट होतं. मोबाईलवर सगळं असताना कागद कशाला, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. मोबाईल घरात एक असतो आणि तो बापाच्या खिशात असतो.

शाळाच बंद पडत आहेत, पट कमी होतो आहे, एकशिक्षकी शाळेत चार वर्ग एकच बाई सांभाळते, तिथे मासिक कुणाला हवं? या आक्षेपात दुःख आहे, पण तर्क उलटा आहे. चार वर्ग एकत्र बसवायचे असतील तर चौघांना एकत्र चालेल अशी गोष्ट कविताच असते. पहिलीतलं मूल ऐकतं, दुसरीतलं धृपद म्हणतं, चौथीतली मुलगी वाचून दाखवते, आणि बाईंना दहा मिनिटं श्वास घेता येतो. पट कमी म्हणजे छपाईही कमी. सोळा पानांचा, दोन रंगांचा अंक सगळ्या मुलांना वर्षभर द्यायला जो खर्च येईल तो एखाद्या सरकारी महोत्सवाच्या मंडपासमोर दिसायचादेखील नाही. आणि पालक मराठी शाळेकडे पाठ का फिरवतात याची जी अनेक कारणं आहेत त्यात एक हेही आहे की इंग्रजी शाळेतून मूल घरी काहीतरी रंगीत, नवं घेऊन येतं, आणि मराठी शाळेतून तीच वही.

लिहिणार कोण, ही खरी अडचण. गोव्यात मराठी कवी कमी नाहीत; संमेलनाच्या पत्रिकेवर जागा पुरत नाही एवढे आहेत. पण मुलांसाठी लिहिणं हे त्यातल्या बहुतेकांना निवृत्तीनंतरचं काम वाटतं. विंदा करंदीकर आपल्या सीमेपलीकडचे, धालवलचे. इंग्रजीचे प्राध्यापक. मोठ्यांसाठी कठोर, विचारानं भरलेली कविता लिहीत असतानाच १९६१ मध्ये त्यांनी ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही मुलांची पुस्तकं दिली. त्यांतला वेडेपणा त्यांनी मोठ्यांच्या कवितेइतकाच मन लावून घडवला आहे. पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, त्यांचंही तेच. पेडण्याची हद्द ओलांडली की ही माती सुरू होते, म्हणजे पाण्याचा दोष नाही. दोष असला तर मानधनाचा आहे. शाल, श्रीफळ आणि आभाराचं पत्र यावर कवी एक कविता देतो, तीही वहीत पडलेली. चांगल्या बालकवितेला महिना लागू शकतो. त्या महिन्याचे पैसे द्या, परत पाठवायचा हक्क ठेवा, आणि मग बघा काय येतं.

हा परत पाठवायचा हक्क संपादकाला लेखी असायला हवा. शिक्षणखात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याकडे जादा काम म्हणून हे मासिक दिलं तर पहिल्या वर्षातच काय होईल ते मला दिसतं. पाणीपुरवठ्याकडून जलगीत येईल, वाहतूक पोलिसांकडून हेल्मेटगीत, निवडणुकीच्या वर्षात मतदार जागृतीचं बडबडगीत, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला शुभेच्छांचं पान. नाही म्हणायची त्या अधिकाऱ्याची हिंमत होणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. ‘शालापत्रक’ सरकारचं होतं, विष्णुशास्त्र्यांचं लिखाण सरकारला रुचलं नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडलं. म्हणून संपादक बाहेरचा असावा, तीन वर्षांच्या करारावर, आणि कुठली कविता छापायची याबद्दल त्याचा शब्द अखेरचा असावा, मंत्र्यांच्या कार्यालयातून आलेल्या कवितेबद्दलही. एवढं लिहून द्यायची तयारी नसेल तर नवं मासिक काढण्याच्या फंदात पडू नये. बालभारतीची परवानगी घेऊन ‘किशोर’च्या जुन्या अंकांतल्या सोप्या कविता मोठ्या टायपात छापाव्यात आणि वाटाव्यात, ते स्वस्तही पडेल.